चिबडाचा देठ

चिबूड या फळाविषयी आम्ही लिहावयास बसलो आहोत, हे कळताच आमच्या घरात हशा पिकला. "आंब्यावर लिहा, फणसावर लिहा, चिबडावर लिहिण्यासारखे असते तरी काय?" असा प्रश्न सौभाग्यवतींनी चहाचा पेला पुढे ठेवता ठेवता केला. प्रश्न रास्त आहे. आंब्याला मोहोर आहे, कोकिळा आहे, कवींचा राजाश्रय आहे. चिबूड बिचारे जमिनीवर लोळणारे, पावसाळ्यात चार दिवस येऊन जाणारे, पिकले म्हणजे आपल्याच अंगाच्या भाराने फुटणारे फळ. परंतु या फळाचा आणि आमचा काही जुना हिशेब आहे. तो मांडल्याशिवाय आम्हांस स्वस्थता नाही.

आमचे गाव अंत्रुज महालातले. घरामागे परसू आणि परसाला लागून डोंगराची उतरण. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की आजी चुलीवरच्या फळीवरून राखेत घोळवून ठेवलेल्या बियांची पुडी काढी आणि शेणखत घातलेल्या आळ्यांत एकेक बी बोटाने टोची. श्रावणापर्यंत वेल पसरे. पिवळी फुले येत आणि पहिला बहर सगळाच्या सगळा गळून जाई. आम्हा मुलांस त्याचे फार वाईट वाटे. आजी म्हणे, "ते दादले, त्यांचा भरवसा धरू नये." पहिली येतात ती नरफुलेच असतात, ही गोष्ट पुढे आम्ही पुस्तकात वाचली तेव्हा आजीचे ते वाक्य आठवून एकटेच हसलो. मागाहून, बाजूच्या फुटव्यांवर, पाठीशी इवलीशी गाठ घेऊन आलेली फुले दिसू लागत. ती गाठ फुगे, लांबे, हिरवी होई आणि भाद्रपद तोंडावर आला की एका सकाळी परसाच्या दाराशी वास येई. तो वास ज्याने घेतला आहे त्याला तो सांगावा लागत नाही. ज्याने घेतला नाही त्याला तो सांगता येत नाही. चिबडाला गोडी बेताचीच. म्हणूनच त्याला गूळ लागतो, नारळाचा रस लागतो, वेलदोड्याची चिमूट लागते आणि त्यात पोहे भिजवले म्हणजे त्याचे सोने होते. वास मात्र त्याचा स्वतःचा. तो उसना आणावा लागत नाही.

चवथीला चिबडावाचून आमच्याकडे माटोळी होत नसे. तयेच्या दिवशी बाबा चौकट बांधीत. नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगे, आंबाडे, कवंडळे, केळीचे घड या साऱ्या रानच्या आणि परसातल्या संपत्तीला देवाच्या माथ्यावर जागा मिळे. बाकीची फळे देठाला दोरी लावून टांगली जात. चिबडाला मात्र बाबा केवणीच्या सालीच्या दोरीचे जाळे विणीत आणि त्या जाळ्यात ते झोळीत मूल निजवावे तसे ठेवीत. त्याचे कारण त्यांनी आम्हांस कधी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही.

१९५८ सालच्या चवथीला आम्ही नऊ वर्षांचे होतो. त्या वर्षी आजोबा अंथरुणाला खिळलेले होते आणि घरात सगळे हलक्या आवाजात बोलत. आमची आत्या बेळगावला दिलेली. परंतु गोव्याची सरहद्द त्या काळी बंद असल्यामुळे तिला येता आले नव्हते. माणसे कमी म्हणून कामे मुलांवर आली आणि चिबूड टांगण्याचा मान आम्ही हट्टाने मागून घेतला. फळ मोठे देखणे होते. हातभर लांब, पिवळ्या अंगावर हिरवे पट्टे. जाळ्यात घातले तर ते पट्टे झाकले जातील, असे आम्हांस वाटले. म्हणून आम्ही देठालाच दोन गाठी मारून ते टांगले. गाठी पक्क्या होत्या. त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत, हे आम्ही आजही शपथेवर सांगू.

रात्री केव्हातरी धप्प असा आवाज झाला. सगळे उठून धावले. चिबूड मूर्ती आणि समई यांच्या मधोमध पडून फुटले होते, समई विझली होती आणि वर माटोळीत दोरीला नुसता देठ लोंबत होता. मूर्तीला ओरखडाही नव्हता. तरी घरावर जी शांतता पसरली ती आम्ही विसरलो नाही. बाबांनी आमच्याकडे पाहिले आणि मग आजोबांच्या खोलीकडे पाहिले. त्या दोन नजरांमधले अंतर नऊ वर्षांच्या मुलालाही कळले.

पहाटेच भटमामांना बोलावणे गेले. त्यांनी देवावर अभिषेक केला, त्र्यंबक मंत्राची आवर्तने केली आणि बाबांची समजूत काढली. भीतीने वाळून गेलेल्या आम्ही त्यांना विचारले, की या मंत्रात आहे तरी काय? भटमाम भला माणूस. त्यांनी आम्हांस जवळ बसवून सांगितले, की काकडी जशी आपल्या देठापासून सुटते तसे आम्हांला मरणापासून सोडव, परंतु अमृतापासून मात्र सोडवू नको, असे मागणे ऋषीने देवाकडे मागितले आहे. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आजीचा आवाज आला:

"भटमाम, तवशें खंय सुटटा आपशींच? तें कापचें पडटा. सुटटा तें चिबूड!"

"पोथयेंत काकडीच आसा, आजी," भटमाम म्हणाले.

"पोथी बरयतल्यान परसूं केल्लें?" आजीने विचारले आणि पुढे होऊन तिने फुटलेल्या चिबडाचे तुकडे केळीच्या पानावर गोळा केले. "पिकलें, सुटलें. तातूंत कसलो अपशकून?"

त्या दिवशी ते तुकडे गुळाबरोबर सगळ्यांनी खाल्ले. आजोबांनीही दोन फोडी खाल्ल्या. त्यानंतर ते सहा वर्षे जगले, हे शकुन-अपशकुन मानणाऱ्या वाचकांच्या माहितीसाठी सांगून ठेवतो.

आजी आणि भटमाम यांचा तो वाद आमच्या मनात राहिला. पुढे १९७३ साली नोकरीच्या निमित्ताने आम्ही वडोदऱ्यास आलो, ते तिथलेच झालो. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथप्रेमातून उभ्या राहिलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात संध्याकाळी जाऊन बसण्याची सवय लागली आणि तिथे एकेक कोश उघडता उघडता आमच्या ध्यानात आले, की परसातल्या या लोळणाऱ्या फळाच्या मागे नावांचा केवढा गोतावळा आहे.

मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला, एकोणसाठाव्या सूक्तातला. सूक्त मरुतांचे, पण त्याची शेवटची, बारावी ऋचा त्र्यंबकाची. फळाचे नाव तिथे उर्वारुक असे आहे. भाष्यपरंपरेने त्याचा अर्थ कर्कटीचे फळ असा केला आणि कर्कटीची काकडी झाली. म्हणजे भटमाम आपल्या पोथीशी प्रामाणिक होते. आता आजी ज्याला तवशें म्हणाली ते संस्कृतातले त्रपुस. चिबूड हे संस्कृतातल्या चिर्भटाचे लेकरू. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत त्रपुस आणि एर्वारुक ही दोन नावे शेजारी शेजारी, पण वेगवेगळी येतात. याचा अर्थ असा, की ज्याला आपण सरसकट काकडी म्हणून मोकळे होतो त्या कुळात दोन घराणी आहेत हे जुन्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. आणि आमच्या कोंकणी घरांतल्या बायकांनी तवशें आणि चिबूड हा भेद एकदाही कोश न उघडता जसाच्या तसा राखला.

आधुनिक शास्त्रही या भेदाला साक्ष देते. लिनियसने १७५३ साली दोघांना एकाच प्रजातीत बसवले खरे, परंतु जाती निराळ्या ठेवल्या. काकडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात, चिबडाच्या पेशीत बारा. त्यामुळे त्यांचा परस्परांशी संकर होत नाही. उलट चिबूड, खरबूज, फुटून पिठूळ होणारे शेंदाड, हैदराबादकडच्या आमटीत पडणारी गोल पिवळी दोसकाय ही सारी एकाच जातीची भावंडे. शेजारी लावली तर मधमाशी त्यांची लग्ने लावून मोकळी होते. आणि येथे भटमामांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. उत्तर हिंदुस्थानात उन्हाळ्यात विकायला येणारी ती लांब, वाकडी, कोवळी ककडी हीदेखील त्रपुसाच्या घराण्यातली नव्हे, ती चिबडाच्याच घरची. तेव्हा पोथीतली कर्कटी ती असेल, तर भटमामही हरले नाहीत. मात्र आजी जिंकली, एवढे निश्चित.

खरबूज हे नाव फारसी आहे. ते आपल्याकडे इतके रुळले, की सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्राने ते संस्कृतात सोवळे नेसवून बसवले आणि त्याला दशांगुल असा एक देशी जोडीदारही दिला. जो आपला देश सोडून येथे आला त्याला या फळाने किती छळले, त्याचे उदाहरण बाबराचे. हिंदुस्थान जिंकून झाल्यावर १५२९ साली काबूलच्या आपल्या सरदाराला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की तिकडून आलेले एक खरबूज कापून खाताना त्याला रडू आवरले नाही. आम्ही शाळेत बाबराच्या लढाया पाठ केल्या. हे रडणे आम्हांस कोणी शिकवले नाही.

नावांची गंमत पाहावयाची असेल तर मराठी माणसाने आपल्याच सोयऱ्यांकडे एक फेरी मारावी. इंदूर-ग्वाल्हेरकडे खरबूजा. खानदेश-वऱ्हाडात नदीच्या वाळूत जी वाडी लावतात ती डांगरवाडी आणि फळ डांगर. पण हेच डांगर पुण्याकडच्या माणसापुढे मागितले तर तो भोपळा आणून ठेवील. बेळगावच्या आमच्या आत्येच्या तोंडी कानडी वळणाचे करबूज. मंगळूर-उडुपीकडे तुळू मुलखात इब्बुडलु म्हणतात. गुजरातेत गोड फळ ते टेटी, साकरटेटी. पोर्तुगीज आमच्या मानेवर साडेचारशे वर्षे बसले, त्यांचे मेलांव हे नावही कचेरीतल्या माणसांच्या जिभेवर फिरून गेले. परंतु परसातल्या चिबडाला त्याचा स्पर्श झाला नाही. अलीकडे मोठ्या दुकानांत याच फळाच्या जाळीदार सालीवर कँटलूप अशी चिठ्ठी डकवलेली असते. हे नाव इटलीतल्या रोमजवळच्या कांतालुपो या गावावरून आले. तिथे पोपच्या बागेत हे फळ लावले होते, असे सांगतात. मजा अशी, की युरोपातले खरे कँटलूप जाळीदार नसतेच. जाळीदार फळाला ते नाव अमेरिकेने दिले आणि तिकडून ते आपल्या दुकानांत उतरले. म्हणजे नाव एका गावचे, फळ दुसऱ्या गावचे आणि गिऱ्हाईक तिसऱ्या गावचे.

हा सारा पांडित्याचा पसारा आम्ही हौसेने गोळा करीत होतो, तोवर त्याचा उपयोग काय हा प्रश्न पडला नव्हता. तो आमच्या आईने पाडला.

१९८७ साली बाबा गेले आणि आई वडोदऱ्यास आमच्याकडे राहावयास आली. येथली भाषा तिला कधी आली नाही. परंतु शेजारणींशी तिचे कोंकणीत आणि त्यांचे गुजरातीत तासन्‌तास बोलणे चाले आणि दोन्हीकडे समाधान असे. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही खंडेराव मार्केटातून तिच्यासाठी टेटी आणली. केशरी गर, साखरेसारखी गोड. आईने एक फोड खाल्ली, पुन्हा वास घेतला आणि म्हणाली, "गोड आसा रे, पूण चिबूड न्हय."

१९९४ च्या श्रावणात तिची प्रकृती खालावली. अन्नावरची वासना गेली. चवथ आठ दिवसांवर आली असता एका दुपारी तिने विचारले, "बाबा, हांगा चिबूड मेळटा रे?" आम्हांस आमच्या कोशांची आठवण झाली. चिर्भटाचे गुजरातीतले रूप चीभडुं, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही तडक मार्केटात गेलो आणि मोठ्या रुबाबात चीभडां मागितली. बाईने टोपलीतून मिळाली. लिंबाएवढ्याहून थोडी मोठी, हिरवट, आंबूस, भाजीची. आईने त्यातले एक हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. "नांव तेंच, मनीस दुसरो," ती म्हणाली.

उन्हाळ्यात फळ जवळपास मिळाले होते, नाव नव्हते. पावसाळ्यात नाव मिळाले, फळ नव्हते.

गावी धाकट्या भावाला कळले. त्याने पत्र टाकले, की ओळखीचे एक गृहस्थ अहमदाबादेस निघाले आहेत, त्यांच्याबरोबर दोन चिबडे पाठवू काय? कोकण रेल्वे तेव्हा सुरू व्हावयाची होती. ती सबंध मार्गावर धावू लागली १९९८ साली. गोव्याहून येथे पोचावयास दोन दिवस जात. आम्ही हिशेब केला. पिकलेले चिबूड दोन दिवस टिकणार नाही, वाटेत फुटेल, त्या गृहस्थांचे कपडे खराब होतील, त्यांना ओशाळवाणे होईल. आम्ही भावास कळवले, "नको. पुढल्या चवथीला आईला घेऊन आम्हीच येतो." हे पत्र आम्ही आईस वाचूनही दाखवले. ती काही बोलली नाही.

आश्विनात तिला इस्पितळात हलवावे लागले. डॉक्टरांचे बोलणे आम्हांस समजत होते, पण समजून घ्यावयाचे नव्हते. मित्रांच्या सल्ल्याने आम्ही महामृत्युंजयाचा सव्वा लक्ष जप बसवला. सकाळी देवळात जपाला जाऊन बसावे, संकल्पावर पाणी सोडावे, रात्री इस्पितळात येऊन आईच्या उशाशी तोच मंत्र पुटपुटावा, असा आमचा क्रम चालला. ती जपाची माळ म्हणजे जणू एक दोर होता आणि तो आम्ही दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

एका रात्री आईने डोळे उघडून विचारले, "किदें म्हणटा रे तूं?" आम्ही सांगितले, मृत्युंजय मंत्र. तिने अर्थ विचारला. भटमामांनी शिकवलेले वाक्य आपोआप आमच्या तोंडी आले, की काकडी जशी देठापासून सुटते तसे आम्हांला सोडव. आई थोडा वेळ गप्प राहिली. १९५८ साली त्या पहाटे स्वयंपाकघरात आजीच्या मागे ती उभी होती, ही गोष्ट आमच्या ध्यानातही नव्हती.

"काकडी न्हय रे," ती म्हणाली. "तुज्या आजयेन सांगिल्लें न्हय?" आणि मग पुष्कळ वेळाने, "माका घरा व्हर."

आम्ही तिला सांगितले, की जपाचे तीस हजार राहिले आहेत, ते पुरे होऊ देत. तोवर डॉक्टर सोडतील. दुसऱ्या दिवशीच्या रात्री ती गेली. इस्पितळात गेली, नाकात नळी, हाताला सुई, आणि खाटेच्या दांडीला बांधलेला आम्ही आणलेला अंगारा. गुरुजींनी मागाहून विचारले, की उरलेला जप पुरा करावयाचा काय? आम्ही म्हटले, करा.

मंत्र आम्हांस पाठ होता. तो आम्ही वाचला मात्र त्यानंतर. त्यात मरण येऊ नये असे मागणे नाही. बंधनातून सुटावे कसे, एवढेच त्यात मागितले आहे. पिकू लागलेल्या खरबुजाच्या अंगातून इथिलीन नावाचा वायू सुटू लागतो आणि देठ जिथे फळाला मिळतो तिथला पेशींचा एक पातळ थर हळूहळू सैल होतो. देठाभोवती अंगठीसारखी बारीक चीर पडते. माळी ती चीर पाहूनच फळ पिकले हे ओळखतो. त्यानंतर अंगठ्याचा धक्का पुरे, कधी तोही नको. सगळ्याच जातभाईंचे असे होत नाही. हनीड्यू म्हणून जे पांढरे गुळगुळीत खरबूज मिळते ते पिकले तरी देठ सोडीत नाही, आणि तवशाचे तर आजीने सांगितलेच आहे. सुश्रुतसंहितेत त्रपुस-एर्वारुकांच्या पंक्तीत शीर्णवृन्त असे एका फळाचे नाव येते. ज्याचा देठ झडून जातो ते. हे नाव ज्याने ठेवले त्याने परसू केले होते, यात आम्हांस शंका नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस याच वाचनात सापडली आणि ती आम्ही कित्येक दिवस कोणाला सांगितली नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या तिसऱ्या अध्यायात, साठाव्या कंडिकेत, याच मंत्राचा दुसरा पाठ येतो. तो त्र्यंबकहोमात कुमारिकांनी म्हणावयाचा. त्यात वर देणाऱ्या त्र्यंबकाची प्रार्थना आहे आणि उपमा तीच, उर्वारुकाची. मात्र मागणे असे, की येथून मला सोडव, तेथून नको. येथून म्हणजे बापाच्या घरून, तेथून म्हणजे पतीच्या. आई पंधराव्या वर्षी तिच्या माहेरच्या परसातून आमच्या परसात आली होती. येताना तिने पदरात बांधून आणलेली वस्तू कोणती होती हे आम्हांस तिच्या मागे कळले.

तिची पेटी उघडली तेव्हा तळाशी, जुन्या पंचांगाच्या कागदात, राखेत घोळवलेल्या बारा बिया निघाल्या. वर तिच्या वळणदार मोडीमिश्रित अक्षरात लिहिले होते: चिबूड, माहेरचे. १९८७ साली गाव सोडताना तिने त्या बरोबर घेतल्या असाव्यात. येथे लावावयाला परसू नव्हते, आणि गच्चीवर कुंडीत चिबूड लावून पाहू, हे आम्हांस सुचले नाही. तिनेही कधी मागितले नाही.

१९९५ च्या पावसाळ्यात आम्ही त्या गच्चीवर लावल्या. आठ वर्षांच्या बियांतून तीन उगवल्या. एक गोगलगायीने खाल्ली, एक वाऱ्याने मोडली. उरलेल्या वेलीवर एकच फळ धरले. श्रावणाच्या अखेरीस त्याचे हिरवे पट्टे पिवळ्यात उजळू लागले. आम्ही रोज सकाळी चष्मा लावून देठाची तपासणी करीत असू. एके दिवशी ती अंगठीसारखी चीर दिसली. सौभाग्यवती म्हणाल्या, आता काढून घ्या, नाहीतर पडून फुटेल. आम्ही काढले नाही. खाली गोणपाट अंथरून ठेवले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो फळ गोणपाटावर निजलेले आणि देठ वेलीला तसाच. जिना चढतानाच वास आला होता.

त्याचे पोहे केले. शेजारच्या गुजराती बेनना वाटी दिली. त्या म्हणाल्या, हे तर चीभडुं! आईच्या वेळी त्याच नावाने जे फळ हाती आले होते ते आठवून आम्ही त्यांची चूक दुरुस्त करावयास तोंड उघडले आणि मग मिटले.

बिया आम्ही राखेत ठेवल्या. पुढल्या वर्षी त्यांतून आलेले फळ मात्र आईचे नव्हते. बेनच्या गच्चीवर उन्हाळ्यात लावलेला टेटीचा वेल आदल्या पावसातही फुलत राहिला होता आणि मधमाश्यांनी आपला कारभार उरकला होता. फळ आखूड झाले, गोल झाले, सालीवर किंचित जाळी उमटली, गोडी वाढली. त्याला चिबूड म्हणावे की टेटी, यावर घरात चार दिवस खल झाला. वास मात्र परसातला होता.

त्या चवथीला आम्ही प्रथमच वडोदऱ्याच्या घरात माटोळी बांधली. केवण येथे कुठली मिळावयाची? भाजीच्या पिशवीची सुतळी उसवून आम्ही जाळे विणले, त्यात ते फळ ठेवले आणि देवाच्या माथ्यावर टांगले.